गोरागोमटा, रुबाबदार, राजबिंडा : पुरुषाच्या रूपाची स्तुती



या व्याख्यानमालेत माझ्याआधी जाणकारांनी किल्ले, ताम्रपट, संस्थानांचे तह आणि वतनांचे तंटे यांवर भरपूर बोलून ठेवले आहे. मी पडलो होमिओपॅथीचा डॉक्टर. गेली पस्तीसएक वर्षे साखरगोळ्यांच्या पुड्या बांधत बसलो आहे. माझ्याकडे कुठले दप्तर नाही आणि मोडी मला वाचता येत नाही. पण दवाखान्यात बसणाऱ्याच्या कानांवर एक गोष्ट रोज पडते, ती म्हणजे माणसे एकमेकांच्या दिसण्याबद्दल काय बोलतात. त्यात मला असे आढळले की बाईच्या रूपाचे कौतुक आपण सरळ करतो आणि पुरुषाच्या रूपाचे आडवाटेने. त्या आडवाटांचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात घरापासून करतो. १९८८ साली मी मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला. निघताना मुलीची थोरली मावशी माझ्या आईला म्हणाली, "मुलगा अगदी सालस आहे हो." आई खूश झाली. परतीच्या एसटीत आत्याने तिचा आनंद फार वेळ टिकू दिला नाही. "अगं, सालस म्हणाल्या म्हणजे दिसण्याबद्दल बोलायला काही मिळालं नाही त्यांना." लग्न तिथेच जमले. पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्या मावशींना धीर करून विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तसं नाही रे. तू डॉक्टर होतास. शोभत होतास." म्हणजे पुन्हा चेहरा वगळूनच कौतुक! रूप माझे नव्हतेच. ते बीएचएमएसच्या पदवीचे होते.

हे 'शोभणे' नीट पाहिले की पुरुषाच्या बहुतेक स्तुतीची किल्ली हाती येते. आपले किती शब्द चेहऱ्याविषयी आहेत आणि किती दर्जाविषयी, ते मोजून पाहा. रुबाबदार हा शब्द घ्या. अरबीतून फारसीवाटे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी भीती आणि धाक आहे. रुबाबदार म्हणजे ज्याला पाहून समोरचा जरा दबतो तो. उमदा हाही अरबीच. त्याचा मूळ अर्थ आधार, खांब, ज्यावर भार टाकावा असा. म्हणून घोडाही उमदा असतो, सरदारही उमदा असतो, आणि दोघांच्या नाकाडोळ्यांशी त्या शब्दाला काही कर्तव्य नसते. राजबिंडा म्हणजे राजघराण्यातला वाटावा असा. खानदानी म्हणजे मागे घर असलेला. सुलतानी आणि पेशवाई अमलांत दरबारातून गावच्या चावडीपर्यंत हे शब्द झिरपले आणि जाता जाता 'माणूस कुणाच्या पदरी आहे' ही चौकशीही बरोबर घेऊन गेले.

आपले घरचे शब्द याहून साधे आहेत. देखणा हा मला त्यांत सगळ्यांत आवडतो. देखणे म्हणजे पाहणे, त्यावरून पाहण्याजोगा तो देखणा. पण जुन्या मराठीत पाहणारा, ज्याला दिसते तोही देखणाच. एकाच शब्दात डोळा आणि त्या डोळ्यापुढचे रूप दोन्ही मावले होते. गोव्याच्या बा. भ. बोरकरांची 'लावण्यरेखा' आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. त्या कवितेत त्यांनी देखणेपण कुठे कुठे शोधले आहे ते आठवून पाहा. सुरेख म्हणजे रेघ चांगली उतरलेला, हा चित्रकाराचा शब्द. लावण्याच्या मुळाशी लवण आहे, म्हणजे मीठ. मीठ जास्त झालेले चालत नाही आणि कमी पडलेलेही चालत नाही. हे सगळे शब्द दर्जा विचारत नाहीत. पण हळूहळू ते बायकांच्या वाट्याला गेले आणि पुरुषांकडे रुबाब उरला.

एक शब्द मात्र असा आहे की त्याच्यासाठीच मी हा विषय घेतला. तो म्हणजे गोमटा.

आज हा शब्द एकटा फिरत नाही. 'गोरागोमटा' असाच ऐकू येतो, आणि गोऱ्याच्या सोबतीने इतकी वर्षे राहिल्याने गोमटा म्हणजे गोराच असे मुलांना वाटते. तसे ते मुळीच नव्हते. ज्ञानेश्वरीपासून संतांच्या वाङ्मयात गोमटे म्हणजे चांगले, हिताचे, सुंदर. बोलणे गोमटे असते, फळ गोमटे असते. रंगाचा त्यात वासही नाही. ज्या विठ्ठलाच्या रूपावर आपल्या संतांनी एवढी अक्षरे वाहिली, तो काळा आहे. त्याचे काळेपण त्यांनी झाकले नाही. उलट सावळा हेच त्याचे लाडके नाव केले.

आता श्रवणबेळगोळला चला. विंध्यगिरीवर गंग राजा राचमल्ल याचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने इ. स. ९८१ च्या सुमारास बाहुबलींची मूर्ती घडवून घेतली. सुमारे सत्तावन्न फूट उंच, एकाच दगडातली. जैन पुराणांप्रमाणे बाहुबली हे आदिनाथांचे पुत्र आणि चोवीस कामदेवांपैकी पहिले, म्हणजे आपल्या काळातला सर्वांत सुंदर पुरुष. थोरला भाऊ भरत चक्रवर्ती. दोघांत राज्यावरून वितुष्ट आले. सैन्याचा संहार नको म्हणून दोघांनी आपसांतच तीन युद्धे करायचे ठरले. नजरेचे, पाण्याचे आणि कुस्तीचे. नजरयुद्धात बाहुबली जिंकले, कारण ते उंचीने अधिक होते आणि भरताला मान वर करून पाहावे लागत होते. पाण्यातही तेच झाले. कुस्तीत भरताला उचलल्यावर मात्र त्यांना विरक्ती आली. राज्य सोडून ते वर्षभर उभे राहिले. पायाशी वारुळे चढली, अंगावर वेली चढल्या. मूर्ती आहे ती या क्षणाची. सर्वांत देखणा पुरुष आणि त्याला आपल्या देखणेपणाचे काही पडलेले नाही.

१९८१ च्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला मी विद्यार्थी म्हणून आईबरोबर गेलो होतो. गर्दीत उभे राहून वर पाहताना मला जाणवले की या शरीरात पिळदार असे काही नाही. खांदे रुंद आहेत, पण दंड आवळलेले नाहीत. ओठांवर आहे की नाही असे हसू आहे. आजच्या व्यायामशाळेतल्या पोरांना हा पुरुष कदाचित मऊ वाटेल. बाराव्या शतकात बोप्पण पंडिताने कन्नड शिलालेखात या मूर्तीची स्तुती केली आहे. तिचा आशय असा, की फार उंच मूर्तीत सौंदर्य राहत नाही, उंची आणि सौंदर्य दोन्ही असले तर दिव्यपण राहत नाही, इथे तिन्ही एकत्र आले. पुरुषाच्या रूपाची इतकी तोलून-मापून केलेली तारीफ मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि त्यात कुळ नाही, धाक नाही, रंगही नाही.

या मूर्तीला गोमटेश्वर का म्हणतात, यावर विद्वानांचा वाद आहे. मंजेश्वरचे कवी-संशोधक गोविंद पै यांनी 'गोम्मट' हा 'मन्मथ'चा अपभ्रंश मानला. म्हणजे कामदेव, म्हणजे स्वतः बाहुबली. आपल्या जिल्ह्यातल्या सदलग्याचे आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांना ते पटले नाही. त्यांनी बोट ठेवले ते मराठी-कोंकणीतल्या गोमटा या शब्दावर. त्यांच्या मते गोम्मट हे चावुंडरायाचे घरातले लाडके नाव होते. नेमिचंद्राचार्यांनी त्याच्यासाठी रचलेल्या ग्रंथाला 'गोम्मटसार' हे नाव त्यावरूनच मिळाले. मूर्तीचेही तसेच. गोम्मटाने स्थापिलेला ईश्वर तो गोम्मटेश्वर. मला हा विचार फार भावतो. कुणा आईने हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलाला 'गोमटा' म्हणून हाक मारली असेल आणि ती हाक त्या डोंगराला चिकटून राहिली.

त्याच मूर्तीच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ आहे आणि होयसळांच्या गंगराजाने भोवतीचे सुत्तालय बांधले, त्याची दुसरी. आपण शाळेत ते मराठीतले पहिले वाक्य म्हणून शिकलो. पुढे अक्षीचा शके ९३४, म्हणजे १०१२ चा लेख पुढे आला, आणि बेळगोळची ओळही मूर्तीनंतर शतकभराने, गंगराजाच्या काळात कोरली असावी असे काही अभ्यासक मानतात. आपल्या सीमाभागात या ओळीचा उपयोग पुष्कळदा पुरावा म्हणून होतो. इकडचे म्हणतात मराठी तिथवर होती, तिकडचे म्हणतात मूर्ती आमची आहे. माझ्या घरात आईचे बोलणे कन्नड आणि वडिलांचे मराठी. आई आम्हाला 'चेलुव' म्हणायची. मेलकोटेच्या चेलुवनारायणाच्या नावातला तोच हा चेलुव, म्हणजे देखणा. वडिलांची आई 'गोमटा' म्हणायची. लहानपणी मला वाटे दोन्ही माझीच नावे आहेत. त्या डोंगरावर कुणाची मालकी, यावर वाद घालण्याची इच्छा मला तिथपासूनच कधी झाली नाही.

आता इतिहासातल्या काही चेहऱ्यांकडे वळू. शिवाजी महाराजांच्या रूपाचे एक जुने वर्णन एस्कॅलियट नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या १६६४ च्या पत्रात आहे. सुरतेच्या पहिल्या लुटीच्या वेळी तो तिथे होता. महाराजांना त्याने स्वतः पाहिले नव्हते. पाहिलेल्यांकडून ऐकून लिहिले, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. उंची बेताची, अंगकाठी ताठ आणि बांधेसूद, बोलताना हसल्यासारखा चेहरा, डोळे चपळ आणि भेदक, आणि वर्ण इतर लोकांपेक्षा उजळ. वर्णन शत्रुपक्षातले, त्यातून ऐकीव, तरी त्यात एक जिवंत माणूस दिसतो. आपल्या चौकांतल्या पुतळ्यांत उंची वाढते आणि ते बोलतानाचे हसू मात्र हरवते. रुबाबाला हसू चालत नाही, असे आपण कधी ठरवले कोण जाणे.

थोरल्या बाजीरावांची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. त्यांची तसबीर काढायला शत्रूने चितारी पाठवला. त्याने काढले काय, तर लगाम सैल सोडून, खांद्यावर भाला टाकून, घोड्यावरच जोंधळ्याची कणसे चोळून खाणारा स्वार. आख्यायिकाच ती, पण सांगणाऱ्यांनी चेहऱ्याबद्दल एक अक्षर काढलेले नाही, हे ध्यानात घ्या. पुरुष दिसतो तो काय करतो आहे त्यात.

त्याच घराण्यातले विश्वासराव याला अपवाद. नानासाहेबांचे थोरले चिरंजीव, पानिपतावर पडले तेव्हा वय अठरा-एकोणीस. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तांतात लिहून ठेवले आहे की त्यांचा देह छावणीत आणला तेव्हा लहानथोर सगळे पाहायला लोटले. जखमा होत्या, पण मुद्रा बिघडली नव्हती, झोपलेला असावा तसा दिसत होता. मग दुराणी सैनिक म्हणू लागले, हा हिंदूंचा राजा, याचे प्रेत वाळवून, पेंढा भरून मायदेशी नेऊ. शुजाने रदबदली केली आणि अंत्यसंस्कार झाले. मी तो भाग वाचतो तेव्हा दर वेळी थांबतो. तरुणाच्या सौंदर्याची एवढी उघड प्रशंसा, आणि तिचा अर्थ 'हे आम्ही घेऊन जाणार' असा. तारीफ करणारा आपल्याला माणूस म्हणून पाहतो आहे की वस्तू म्हणून, हे तारिफेच्या शब्दांवरून कळत नाही.

राजबिंड्याचे उदाहरण बडोद्याच्या मंडळींना आवडेल की नाही, शंका आहे. १८७५ साली महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गायकवाड भाऊबंदांतली मुले बडोद्यास नेली गेली आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळरावाची निवड झाली. तेच पुढे सयाजीराव महाराज. सहा वर्षांनी, १८८१ मध्ये त्यांना राज्याधिकार मिळाले तेव्हा राजा रविवर्मा बडोद्यात आले आणि त्यांनी महाराजांची तैलचित्रे केली. ती चित्रे पाहून कुणीही राजबिंडा म्हणेल. पण कवळाण्याच्या शिवारात त्या पोराला कुणी राजबिंडा म्हटले असेल असे मला वाटत नाही. नाकडोळे तेच, मधे फक्त गादी आली. सयाजीरावांचे मोठेपण त्यांच्या शाळांत आणि ग्रंथालयांत आहे, रूपात नाही, म्हणून हे बोलण्याचे धाडस करतो.

आणि मग बालगंधर्व. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभ्या केलेल्या मंडळीत नारायण राजहंस १९०५ साली आले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे पाव शतक लावण्य हा शब्द महाराष्ट्रात एका पुरुषाच्या नावाशी जोडला गेला. त्यांची नेसण, अंबाडा, नथ पाहून घरंदाज बायका तशा नटू लागल्या. माझ्या आजोळी माजघरात त्यांचा भामिनीच्या वेषातला फोटो होता, आणि आजी त्याकडे पाहून 'काय रूप बाई' म्हणे. आजोबांनाही त्यात वावगे वाटत नसे. पुरुषाच्या रूपाला मोकळेपणाने सुंदर म्हणायला आपल्याला लुगड्याची आडकाठी लागली, ती दूर असती तर जीभ वळली नसती.

गंमत अशी की भामिनी ज्या नाटकातली, ते खाडिलकरांचे १९११ चे 'मानापमान' याच प्रश्नावर उभे आहे. एका बाजूला दागिन्यांनी मढलेला, पण भित्रा लक्ष्मीधर. दुसऱ्या बाजूला गरीब सेनापती धैर्यधर. भामिनी आधी श्रीमंतीवर भुलते आणि वेष पालटून जवळून पाहिल्यावर तिला दुसराच दिसू लागतो. १९२१ च्या जुलैत केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले, त्या संयुक्त प्रयोगाच्या आठवणी जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळतात. त्या आठवणींत धैर्यधराच्या गळ्याची तारीफ असते आणि भामिनीच्या रूपाची.

डॉक्टर म्हणून दोन शब्द. 'तब्येत छान झाली' हे आपल्याकडे कौतुक आहे. दुष्काळ आणि प्लेग पाहिलेल्या समाजात भरलेले गाल म्हणजे जिवंत राहिल्याची खूण होती. माझ्या आजोबांच्या पिढीने १८९७ नंतरच्या प्लेगात बेळगाव सोडून माळावर झोपड्या घातल्याचे वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. त्यांना सुटलेले पोट देखणे वाटले तर दोष कसा द्यायचा? आज त्याच पोटासाठी मला साखर तपासायला सांगावी लागते आणि रुग्णाची आई रागावते, 'दृष्ट लावू नका डॉक्टर.' आमच्या शास्त्रातही माणसाचे रूप पाहतात, पण तारीफ करत नाहीत. आमच्या ग्रंथांत फॉस्फरसचा माणूस उंच आणि शिडशिडीत, सल्फरचा पोक काढून चालणारा, फाटका तत्त्वज्ञ. मी स्वतः सल्फरात बसतो, असे आमच्या एका सरांनी भर वर्गात सांगितले होते. सालसपेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटले.

रंगाचे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मी चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगात रामाचे संवाद माझे पाठ होते, एकालाही ते तसे येत नव्हते. बाईंनी मला राक्षसांत उभे केले. 'राम कसा गोरागोमटा हवा.' घरी येऊन मी रडलो. आईने कन्नडमधून विचारले, नेमिनाथ भगवान कोणत्या वर्णाचे? मुनिसुव्रत कोणत्या वर्णाचे? दोघेही श्याम. आणि तुमच्या बाईंचा राम कोणत्या वर्णाचा, तेही उद्या विचारून ये. मी विचारले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. पण 'गोमटा' हा शब्द जोडीतून सोडवून घ्यावा, ही खाज मला तेव्हापासून आहे.

गेल्या वर्षी एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. गालांवर लाल चट्टे, कातडी कागदासारखी पातळ, उन्हात जळजळ. कॉलेजात कुणी तरी रंगावरून बोलले होते आणि तो आठ महिने दुकानातून आणलेले गोरे होण्याचे मलम लावत होता. त्यात स्टेरॉइड होते. नळी पाहूनच मी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवले, कारण असे मलम एकदम तोडणेही बरे नसते. त्याने जाता जाता विचारले, "गोरं व्हायचं तुमच्यात औषध आहे काय?" मी नाही म्हणालो. मग मी त्याला चावुंडरायाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली, एवढेच.

पाच महिन्यांनी आई पुन्हा आली, तिच्या गुडघ्यासाठी. मुलगा स्कूटर लावून मागून आत आला. चट्टे गेले होते. रंग पहिल्यापेक्षा किंचित गडदच झाला होता, कातडी नितळ. मी पाहत होतो ते तिच्या लक्षात आले. ती म्हणाली, "आता बरा दिसतोय की." जुन्या मराठीत 'बरवा' म्हणजे सुंदर, गोमट्याचाच सख्खा भाऊ. आपल्या भागात त्याचे 'बरा' झाले आणि आजारातून उठलेल्यालाही आपण तेच म्हणतो. ती यातले कुठले म्हणाली, ते मी विचारले नाही. तिच्या गुडघ्यासाठी ऱ्हस टॉक्स दिले आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले.